जुन्या खेळण्यांतून साय-फाय फौज: या चुका टाळा

पुण्यात बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारली की एखाद्या ताडपत्रीवर खेळण्यांचा ढीग हमखास दिसतो. चाक गेलेला जेसीबी, एक हात नसलेला रोबो, पंख मोडलेलं विमान. साय-फाय वॉरगेमिंग, म्हणजे टेबलावर छोट्या रंगवलेल्या सैनिकांनी भविष्यातल्या लढाया खेळणं. ते करणाऱ्याला त्या ढिगात रणगाडे, यंत्रमानव आणि परग्रहावरचे कारखाने दिसतात. हा काही पैसे नसलेल्यांचा नाइलाज नाही, या छंदाची सुरुवातच अशी झाली आहे. डंजन्स अँड ड्रॅगन्स या खेळाचा एक जनक गॅरी गायगॅक्स, त्याने त्यातले आउलबेअर आणि रस्ट मॉन्स्टर हे राक्षस घडवले ते प्लास्टिकच्या स्वस्त खेळण्यांवरून. १९८७ साली वॉरहॅमर ४०,००० हा साय-फाय वॉरगेम आला, त्या काळात डिओडोरंटच्या रिकाम्या डबीतून तरंगता रणगाडा कसा करायचा हे तो काढणाऱ्या गेम्स वर्कशॉप कंपनीनेच शिकवलं होतं.

म्हणून चांगलं खेळणं कुणी उतावीळपणे वाया घालवलं की जीव तुटतो. आणि ते वाया जातं दर वेळी त्याच त्या कारणांनी.

प्लास्टिक न ओळखता स्प्रे मारणं

विकतचे मिनिएचर (छोट्या सैनिकांचे) किट बहुतेक पॉलिस्टायरिनचे असतात, त्यामुळे त्यांच्यावर लागलेल्या सवयी लोक खेळण्यांवर तशाच चालवतात. खेळण्यांत मात्र निरनिराळी प्लास्टिकं असतात. टेबलावर आपटल्यावर टणक वाजतं ते बहुधा एबीएस किंवा पॉलिस्टायरिन. हाताला मेणचट लागतं आणि नखाने ओरखडा उठतो ते पॉलिथिन किंवा पॉलिप्रोपिलिन. रबरासारखे वाकणारे डायनोसॉर, विंचू, राक्षस हे बहुधा मऊ पीव्हीसीचे.

या मऊ पीव्हीसीने सगळ्यात जास्त फौजा बुडवल्या आहेत. ते मऊ राहावं म्हणून त्यात प्लास्टिसायझर घातलेला असतो आणि तो हळूहळू पृष्ठभागाकडे झिरपत राहतो. सॉल्व्हंट असलेला स्प्रे वर बसला की प्लास्टिसायझर त्या थरात शिरतो, आणि रंग वाळतच नाही. आठवडाभर थांबा नाहीतर वर्षभर.

आमच्यात खेळायला येणाऱ्या इंजिनिअरिंगच्या एका मुलाने रबरी डायनोसॉरांची पिशवी भरून आणली होती. कल्पना सुरेख होती: शेपट्या कापून, पाठीवर पेनाच्या टोपणांच्या नळ्या बसवून परग्रहावरच्या श्वापदांची टोळी करायची. कापाकापी त्याने मन लावून केली. मग स्पर्धा जवळ आली म्हणून ऐन जुलैत, गच्चीवर, हार्डवेअरच्या दुकानातला काळा स्प्रे एका दमात मारून टाकला. मी त्याला सांगितलं होतं की आधी एका पायाच्या तळव्यावर मारून बघ, दोन दिवस थांब. संध्याकाळी सगळी टोळी झकास दिसत होती, म्हणून त्याने त्यावर रंगही चढवले. स्पर्धेच्या दिवशी डबा उघडला तर प्रत्येक श्वापदाला वर्तमानपत्र चिकटलेलं, अक्षरांसकट. उचलेल त्याच्या बोटांचे ठसे अंगावर उमटत होते. त्याने चिकटपणा घालवायला वरून वार्निशचा स्प्रे मारला, म्हणजे त्याच दुखण्याचा आणखी एक थर. पुढचे कित्येक रविवार आम्ही आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि टूथब्रश घेऊन ती टोळी घासत बसलो. निम्मी वाचली. नळ्यांचं नाजूक काम मात्र सगळं गेलं.

माझी पद्धत अशी आहे. मऊ खेळण्यावर स्प्रे कधीच नाही. कोमट पाणी आणि भांडी घासायचा साबण लावून टूथब्रशने स्वच्छ घासायचं, एक रात्र वाळवायचं, मग पाण्यात मिसळणारा अ‍ॅक्रिलिक किंवा पॉलियुरेथेन प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) ब्रशने, दोन पातळ थरांत. ब्रशने वेळ लागतो, लागू द्या. ज्याला एवढा वेळ नाही त्याने कडक प्लास्टिकची खेळणीच घ्यावीत.

मेणचट प्लास्टिकची परीक्षा पाण्यात होते. पॉलिथिन आणि पॉलिप्रोपिलिन पाण्याहून हलके, ते तरंगतात. एबीएस, पॉलिस्टायरिन आणि पीव्हीसी बुडतात. पूर्ण खेळणं टाकू नका, आत हवा कोंडलेली असेल तर काहीही तरंगेल. कापलेला भरीव तुकडा टाका आणि पाण्यात साबणाचा थेंब घाला, म्हणजे बुडबुडे धरून राहणार नाहीत. तरंगला तर समजा की फेविक्विक त्याला धरणार नाही आणि रंग सालीसारखा निघेल. अशा तुकड्यांना मी भोक पाडून पेपरक्लिपच्या तारेने जोडतो, पॉलिश पेपरने खरखरीत करतो आणि त्यांची टाकी, पाइप, कोसळलेली भिंत असं काही करतो. खेळताना ज्याला हात लागत नाही तिथे ते वर्षानुवर्षं टिकतं.

मापाचा विचार घरी आल्यावर करणं

दुसरी माझ्या डोक्यात जाणारी गोष्ट ही. गाडी आवडली, घेतली, रंगवली, आणि सैनिकाशेजारी ठेवल्यावर कळलं की त्याचं डोकं टपाच्या वर जातंय. हॉट व्हील्सच्या गाड्या साधारण १:६४ च्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या चौसष्टाव्या भागाएवढ्या. २८ मिमी उंचीचा सैनिक कागदावर १:५६ ते १:६४ मध्ये बसतो खरा, पण त्याचं डोकं-हात जाडजूड केलेले असतात आणि पायाखाली बेस असतो, त्यामुळे ती गाडी त्याच्यापुढे खुजी दिसते. २८ मिमीसाठी मी १:५० ते १:४३ च्या आसपासची खेळणी बघतो. १५ मिमीचा खेळ असेल तर माप १:१०० च्या जवळ येतं, आणि जी जीप २८ मिमीला लहान पडली तीच तिथे सहा जणांना नेणारं चिलखती वाहन होते.

मी बाजारात जाताना खिशात एक रंगवलेला सैनिक ठेवतो. विकणाऱ्यासमोर तो खेळण्याशेजारी उभा करून बघतो. लोक बघतात, बघू देत.

कल्पनेतल्या वाहनाला मुळात माप नसतं, ते आपण द्यायचं असतं. नजर ते ओळखते दार, झाकण, शिडी आणि कठड्यावरून. खेळण्याची मोठाली काच तशीच ठेवली की लगेच ‘खेळणं’ दिसतं. ती प्लास्टिक शीटच्या पत्र्याने बुजवा, त्यात एक बारीक फट ठेवा. वरचं झाकण एवढंच करा की सैनिकाचे खांदे त्यातून जातील. पायरी त्याच्या गुडघ्याच्या खाली बसवा. एवढ्याने डंपरचा किल्ला होतो. उलट, मापाचं काही न ठरवता वर घड्याळाची दातेरी चाकं, की-बोर्डची बटणं आणि कवट्या चिकटवत सुटलं की काहीच होत नाही. चिकटवण्याआधी स्वतःला विचारा, हा पाइप कुठून येतो आणि कुठे जातो? उत्तर नसेल तर तो लावू नका.

जुना रंग कोरडा घासणं

इथे मी कुणाचं ऐकून घेत नाही. घरगुती रंगांतल्या शिशावर आपल्याकडे ९० पीपीएमची (दहा लाखांत ९० भाग) मर्यादा आली ती २०१६ च्या नियमांनी, आणि ती लागू झाली नोव्हेंबर २०१७ पासून. खेळण्यांना बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) मार्क सक्तीचा झाला १ जानेवारी २०२१ पासून. ढिगातलं खेळणं कधीचं आणि कुठलं, हे बघून सांगता येत नाही, आणि त्याच्या रंगात शिसं असेल तर कोरडं घासल्यावर ते धुळीतून अंगात जातं. म्हणून पॉलिश पेपर ओलाच वापरा, तोंडावर मास्क ठेवा, आणि ते पाणी, तो चिखल स्वयंपाकघरात नको. घरात लहान मूल असेल तर हे काम त्याच्यापासून लांब करा, नंतर हात धुवा.

बाकीच्या, थोडक्यात

धातूच्या गाडीचा तळ स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका. खालचे रिव्हेट आधी छोट्या आणि मग ३-४ मिमीच्या ड्रिलने कोरा, गाडी अलगद उघडते.

बॅटरीचं खेळणं घेतलं तर कप्पा तिथेच उघडून बघा. आत पांढरी पूड असेल तर ती बहुधा अल्कलाइन बॅटरीची गळती. हातमोजे घालून व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसाने पुसा, नंतर पाण्याने.

स्टिकर नखाने खरवडू नका. हेअर ड्रायरने गरम करून ओढा, उरलेला डिंक खोबरेल तेलाने काढा आणि तेल साबणाने पूर्ण धुवा. तेल राहिलं तर प्रायमर बसणार नाही.

फटी भरायला एम-सील उत्तम आहे आणि कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं. बारीक नक्षी त्यात कोरायचा हट्ट धरू नका, ते त्यासाठी नाही.

थिनरने प्लास्टिकवरचा रंग काढू नका, कारण रंगाबरोबर पॉलिस्टायरिनही विरघळतं.

बाटलीतला रंग तसाच फासू नका. पाण्याने पातळ करा, दोन-तीन हात द्या. खेळण्यांवर कोरीव काम उथळ असतं, जाड रंगाने ते पहिल्याच हातात बुजतं. म्हणूनच मोठ्या सपाट भागांवर वॉश (खाचांत उतरणारा पातळ गडद रंग) ओतूनही काही साधत नाही, डागांची तळी होतात. वॉश फक्त सांध्यांत आणि रिव्हेटभोवती घाला. सपाट पत्र्यावर स्पंजच्या तुकड्याने गडद तपकिरी रंगाचे टवके उडाल्यासारखे ठिपके द्या, कडांना जास्त, मध्ये अगदी थोडे. चिखल चाकांपासून वर चढतो, हे लक्षात ठेवा. टपावर आणि खाली सारखाच मळ दिसला की गाडी कधी रस्त्यावर धावलेली वाटत नाही.

शेवटचं वार्निश. पावसाळ्यात मॅट स्प्रे मारलात तर हवेतल्या ओलाव्याने पांढरी झाक धरते आणि काळ्या रंगावर ती फार दिसते. जून ते सप्टेंबर ब्रशचं मॅट वार्निश घ्या, दोन पातळ हात, मध्ये एक रात्र जाऊ द्या.