शहराच्या नळाचा नि गटाराचा इतिहास खणायचाय? असं करा

पहिलं म्हणजे पाणीपुरवठा वेगळा नि ड्रेनेज वेगळं असं वाचायला बसू नका, मी बसलो होतो, दोन महिने पाण्यात गेले. एकच कागद घ्या नि मधे उभी रेघ मारा. डावीकडे पाणी कधी कुठून आलं, उजवीकडे वापरलेलं पाणी कुठे गेलं. डावा रकाना भराभर भरतो, उजवा बरीच वर्षं कोराच राहतो आणि लोचा सगळा तिथेच असतो. लंडनचंच बघा, १८१५ मध्ये घरातला मैला पावसाच्या पाण्याच्या गटारात सोडायची परवानगी मिळाली, मग फ्लशचे संडास वाढले, सगळं थेम्समध्ये जायला लागलं आणि प्यायचं पाणीही कंपन्या त्याच थेम्समधून उचलत होत्या.

मग नकाशावर दोनच खुणा करायच्या, पाणी उचलतात ती जागा आणि मैला सोडतात ती जागा, आणि नदी कुठून कुठे वाहते ते बाण काढून दाखवायचं. ही जागा कुठल्या साली बदलली ते हमखास शोधा. लंडनला पाणी पुरवणाऱ्या लॅम्बेथ कंपनीने १८५२ मध्ये पाणी उचलायची जागा नदीत वरच्या अंगाला थेम्स डिटनला नेली, साउथवर्क अँड व्हॉक्सहॉलवाले मात्र खाली बॅटरसीलाच उचलत राहिले, आणि दोघांच्या पाइपलाइन एकाच गल्लीत शेजारी शेजारी. १८५४ च्या कॉलऱ्यात जॉन स्नो हा डॉक्टर, कुणाच्या पाण्याने माणसं मरतायत ते शोधायला, घरोघर फिरून विचारायचा की पाणी कुणाचं, तर भाडेकरूंना कंपनीचं नावच माहीत नसायचं. मग हा माणूस नळाच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेट टाकून बघायचा, मीठ असलं की ते पाणी पांढरं करतं. बॅटरसीपर्यंत भरतीचं पाणी येतं, त्यामुळे तिथल्या पाण्यात मीठ कितीतरी जास्त, ते लगेच पांढरं फटक व्हायचं. म्हणून पाणी कुणाचं ते कळायला जुनी पाण्याची बिलं, पावत्या मिळाल्या तर सोडू नका, घरमालकाच्या ट्रंकेत असतात बऱ्याचदा.

साथीची वर्षं त्याच कागदावर लाल पेनाने टाका. जर्मनीतल्या हॅम्बर्गमध्ये १८९२ ला कॉलऱ्याने आठ हजारांवर माणसं गेली, आणि शेजारचं आल्टोना, जे हॅम्बर्गचा मैला मिसळल्यावर खालच्या अंगाला एल्बे नदीचं पाणी उचलायचं, ते बऱ्यापैकी वाचलं! कारण आल्टोना वाळूतून पाणी गाळायचं, हॅम्बर्ग गाळत नव्हतं. म्हणजे नुसता नकाशा बघून निकाल देऊ नका, फिल्टर कधी बसला तेही लिहा. हॅम्बर्गला गटारं चांगली होती बरं का, तरी ही गत.

उद्घाटनाच्या पाटीवर तर अजिबात भरवसा ठेवू नका. इंजिनिअर बॅझलगेटने बांधलेल्या लंडनच्या नव्या गटारांचं क्रॉसनेसच्या पंपिंग स्टेशनला थाटात उद्घाटन झालं १८६५ मध्ये, आणि १८६६ ला पूर्व लंडनमध्ये पुन्हा कॉलरा, कारण त्या भागाचं काम तेव्हा अर्धवटच होतं. कुठला वॉर्ड कधी जोडला हे वार्षिक अहवालाच्या मागच्या तक्त्यांत सापडतं, पुढची भाषणं सोडून द्या.

उतार बघायचा. गटार उतारावर चालतं, सपाट गावात त्याचे हाल होतात. शिकागोत तर उतार मिळावा म्हणून पाइप जमिनीच्या वर टाकले, त्यावर भर घालून रस्ते उंच केले आणि मग विटांच्या अख्ख्या इमारती जॅक लावून वर उचलल्या.

शेवटी पायी फिरा. मॅनहोलच्या झाकणावर साल, ढलाईखान्याचं नाव असतं, फोटो काढा, दोन-तीन झाकणं एका रेषेत आली की खालची लाइन कळते. झाकण उघडून आत मात्र उतरायचं नाही, आतला गॅस जास्त असेल तर नाकच बधिर होतं, वास येत नाही म्हणजे गॅस नाही असं वाटतं आणि माणूस तिथेच पडतो.