रिव्ह्यू ऑडिटमध्ये नापास होताय? या चुका टाळा

स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमिंगच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवर ५०० रेप्युटेशन (इतरांच्या मतांतून मिळणारे गुण) झालं की नवख्यांच्या पोस्ट तपासायला मिळतात, २००० झालं की इतरांनी सुचवलेले बदल, आणि ३००० वर प्रश्न बंद करायचं मत. या तपासणीला रिव्ह्यू म्हणतात. तपासायच्या पोस्टच्या रांगांमध्ये मधूनच ऑडिट, म्हणजे तपासणाऱ्याचीच परीक्षा, येतं. ज्या पोस्टचा निकाल केव्हाच लागलाय ती मतं झाकून, नवी असल्यासारखी समोर ठेवतात: एकतर स्पॅम म्हणून उडवलेली, नाहीतर भरभरून मतं मिळालेली. वारंवार चुकलात तर काही काळ रिव्ह्यू बंद होतो.

सगळ्यात जास्त विकेट पडते ती वरवर वाचण्यामुळे. स्पॅम करणारा पहिल्या ओळीत जाहिरात करत नाही. दोन परिच्छेद प्रश्नाला धरून लिहितो आणि तिसऱ्यात एखाद्या टूलची लिंक सोडतो. 'ठीक आहे' दाबण्याआधी शेवटपर्यंत वाचा, लिंकवर कर्सर नेऊन पत्ता बघा. वाकडच्या ट्रॅफिकमध्ये बस अडकली म्हणून मोबाईलवर दहा-बारा रिव्ह्यू उरकू नका. छोट्या स्क्रीनवर कोड आडवा सरकवावा लागतो आणि नेमका उजवीकडचा भाग नजरेतून सुटतो.

दुसरी चूक याच्या उलट: चुकीचं उत्तर दिसलं की ते उडवायला मत द्यायचं. उत्तर चुकीचं असेल तर त्याला डाउनव्होट (विरोधी मत) आहे. डिलीट करायचं ते उत्तरच नसलेलं, म्हणजे 'मलाही हाच प्रॉब्लेम येतोय' छापाचं. नुसता कोड टाकलेलं, स्पष्टीकरण नसलेलं उत्तर कमकुवत असतं, पण ते उत्तर असतं. इथेच चांगली मतं मिळालेल्या पोस्टच्या ऑडिटमध्ये माणसं अडकतात.

सुचवलेल्या बदलांत इंग्रजी सुधारलं एवढं बघून अप्रूव्ह करू नका. जुना आणि नवा मजकूर शेजारी ठेवून कोडची प्रत्येक ओळ ताडून पाहा. समजा, प्रश्नकर्त्याने अटीत एकच = (किंमत ठेवणारं चिन्ह) लिहिलंय आणि संपादकाने तिथे == (तुलना करणारं) केलंय. दिसायला सुधारणा, पण प्रश्न ज्या चुकीबद्दल होता ती चूकच गायब झाली! पुढे येणाऱ्याला प्रश्न कळणारच नाही. असा बदल रिजेक्टच करायचा. ऑडिटमधले बदल मात्र बहुधा याहून ढोबळ असतात. मूळ विषयाशी काडीचाही संबंध नसलेला मजकूर मध्येच घुसवलेला असतो. तेही निसटत असेल तर त्या दिवशी थांबलेलं बरं.

विषय ओळखीचा नाही? स्किप करा. स्किप केल्याने कोणी नापास होत नाही. शक्य तर टॅग (प्रश्नाला लावलेलं विषयाचं नाव) फिल्टर लावून आपल्या प्रोग्रॅमिंग भाषेपुरतेच रिव्ह्यू घ्या. पोस्ट वेगळ्या टॅबमध्ये उघडून आधीची उत्तरं वाचायलाही हरकत नाही. मात्र ऑडिट आहे का एवढंच हुडकायला टॅब उघडत बसलात, तर खऱ्या पोस्टकडे दुर्लक्ष होतं आणि त्याची झळ नवख्या प्रश्नकर्त्याला बसते.

आणि ऑडिटच चुकीचं वाटलं तर? तेही होतं, कारण ही निवड यंत्र करतं. जुन्या काळात खूप मतं मिळालेला प्रश्न आजच्या नियमांत बसत नसतो. रागाने पुढचे रिव्ह्यू भराभर दाबू नका. रिव्ह्यूच्या इतिहासातून त्या पोस्टची लिंक घ्या, मेटावर (साइटच्या कामकाजाबद्दल चर्चा होते त्या विभागात) नवा प्रश्न टाका, काय निवडलं आणि का ते दोन ओळींत लिहा. मुद्दा पटला तर मॉडरेटर बंदी उठवू शकतात.