समुद्रावर ग्रुपनं स्केचिंगला जाताय? सोलापूरकरांनो, या चुका टाळा

आपल्याकडं स्केचिंग म्हणलं की सिद्धेश्वर तलाव. मंदिर जिथल्या तिथं, पाणी जिथल्या तिथं, दोन तास काढा नाहीतर चार, काही हलत नाही. तीच सवय घेऊन आम्ही अकरा जण रात्रभर टेम्पो ट्रॅव्हलरनं रत्नागिरीला गेलो आणि समुद्रानं पहिल्या दीड तासातच आमची शाळा घेतली.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे भरती-ओहोटी न बघता जाणं. पौर्णिमा होती, म्हणलं चला चंद्र पण दिसेल. रत्नागिरीजवळच्या भाट्ये किनाऱ्यावर पोचलो तेव्हा ओहोटी, खाडीत एक होडी गाळात तिरकी पडलेली, लई भारी विषय, सगळे तिथंच ओल्या वाळूवर बसलो. मी निवांत आकाशच रंगवत बसलो, साडेनवाला मान वर केली तर होडी सरळ होऊन तरंगायला लागलेली आणि पाणी सॅकपर्यंत आलेलं! निम्मी होडी तिरकी निम्मी सरळ असलं चित्र अजून वहीत आहे.

हिशोब सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली की मुंबईला भरती साधारण किती वाजता ते कळतं, म्हणजे चतुर्थीला तीनच्या आसपास, रत्नागिरीला त्याच्या थोडं आधी. रोज ती 50 एक मिनिटं पुढं सरकते. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, पाणी लांबपर्यंत येतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, पाणी कमी चढतं, नवख्यांनी तेव्हाच जावं. आणि बसल्या बसल्या आधी होडी काढा, दहा मिनिटांत बाह्यरेषा, आकाश कुठं पळून जात नाही.

दुसरं, रंग वाळत नाहीत. सोलापूरच्या उन्हात एक वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, मारेपर्यंत दुसरीकडचा वाळलेला असतो म्हणून आपण पाणी ढिगानं घेतो, तिथल्या दमट हवेत तेच पाणी कागदावर तळं करून बसतं, वर दुसरा रंग लावला की चिखल. पाणी निम्म्यावर आणा, टिश्यू जवळ ठेवा, पेनाची शाई वॉटरप्रूफ आहे का ते घरीच तपासा. रंगवायला समुद्राचं पाणी घेऊ नका, मिठानं ब्रशची पत्र्याची कडी गंजते.

कागद सावलीत धरा. उन्हात पांढरा कागद इतका चमकतो की आपण रंग गडद करत जातो आणि घरी येऊन बघावं तर सगळा समुद्र काळाकुट्ट.

बसायला सोलापुरी चादर नेऊ नका हो, भावना समजतात, पण ती पाणी आणि वाळू दोन्ही पिते, परत आणताना दोघांनी उचलायला लागते. फोल्डिंग स्टूल बरं. वाऱ्यासाठी वहीला दोन्ही बाजूनं क्लिपा. शेंगा चटणी-भाकरी खाऊन हात धुवाच, तेलाचं बोट लागलेल्या कागदावर वॉटरकलर बसत नाही, माझ्या क्षितिजावर अंगठा उमटलाय.

मिरकरवाडा बंदरावर मात्र अकरा जणांचा घोळका करून उभं राहू नका. तिथं लोकांचं काम चालू असतं. दोघं-दोघं विखरून बसा, मासेवालीला काढायचं असेल तर आधी विचारा. एका मावशीनं आमच्यातल्या एकाला सरळ सांगितलं, चित्र नंतर काढ, आधी जाळ्यावरनं पाय काढ.

परतताना ओल्या वह्या मिटून सॅकमध्ये कोंबल्या, कोल्हापूर येईपर्यंत पानं एकमेकांना चिकटलेली. आता मधे बटर पेपर घालतो.