गांजाच्या शेअर्समध्ये पैसे घालताय? आधी या चुका टाळा

अमेरिकेत गांजाबद्दल काहीही बातमी आली की टिलरे, कॅनोपी वगैरे शेअर्स एका दिवसात २०-३० टक्के पळतात, आणि मग पुण्यापासून न्यू जर्सीपर्यंत सगळ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच प्रश्न फिरतो, आता घेऊ का? माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. कायदा सैल होणं वेगळं आणि शेअरहोल्डरच्या हातात पैसे पडणं वेगळं. कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ ला गांजा पूर्ण कायदेशीर झाला, दुकानं उघडली, लोकांनी मालही भरपूर घेतला, आणि तरीही तिथल्या मोठमोठ्या कंपन्यांच्या शेअरहोल्डरांचं जवळजवळ सगळं भांडवल गेलं. त्यामुळे "लीगल झालं की शेअर वर" एवढ्या भरवशावर ज्यांनी पैसे लावलेत किंवा लावणार आहेत त्यांनी हे शांतपणे वाचा.

बातमी अमेरिकेची, शेअर कॅनडाचा

ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे. अमेरिकेत प्रत्यक्ष गांजा पिकवून विकणाऱ्या कंपन्या म्हणजे क्युरालीफ, ग्रीन थंब, ट्रूलीव्ह, वेरानो, क्रेस्को. यांना मल्टी स्टेट ऑपरेटर किंवा एमएसओ म्हणतात. केंद्राच्या कायद्यात हा धंदा बेकायदा धरला गेल्यामुळे न्यूयॉर्क स्टॉक एक्सचेंज आणि नॅस्डॅकने त्यांना लिस्ट केलं नाही, म्हणून त्या कॅनडाच्या एक्सचेंजवर लिस्ट झाल्या आणि अमेरिकेत त्यांचे शेअर्स ओटीसी म्हणजे मुख्य एक्सचेंजच्या बाहेर चालत आले. आणि नॅस्डॅकवर ज्या दिसतात, टिलरे, कॅनोपी, अरोरा, क्रोनोस, एसएनडीएल, त्या मूळच्या कॅनडाच्या, त्यांचा गांजा कॅनडात, जर्मनीत, ऑस्ट्रेलियात विकला जातो. टिलरेने तर अमेरिकेत बिअरचे ब्रँड विकत घेतलेत.

आता भारतातल्या बहुतेक अ‍ॅपवर फक्त नॅस्डॅक आणि न्यूयॉर्कचे शेअर्स मिळतात, ओटीसीवाले मिळत नाहीत. म्हणजे होतं काय, बातमी येते अमेरिकेच्या कायद्याची, फायदा झाला तर आधी होणार एमएसओंना, आणि आपला माणूस अ‍ॅपमधे सर्चला टिलरे टाकून घेऊन मोकळा होतो कारण समोर तेच दिसतं. घेण्याआधी कंपनीचा वार्षिक रिपोर्ट उघडा आणि विक्री कुठल्या देशातून किती आणि कशाची येते तो तक्ता बघा, दहा मिनिटांचं काम आहे.

ज्यांना एमएसओच हवेत ते एमएसओएस नावाच्या ईटीएफकडे, म्हणजे बऱ्याच कंपन्या एकत्र बांधून शेअरसारख्या विकणाऱ्या फंडाकडे, वळतात. तो सप्टेंबर २०२० मधे आला, फेब्रुवारी २०२१ मधे ५० डॉलरच्या वर गेला आणि २०२४ संपताना ५ डॉलरच्याही खाली होता. हा फंड बरीचशी गुंतवणूक थेट शेअर्स न घेता स्वॅपमधून, म्हणजे भावाच्या चढउताराएवढे पैसे देण्याघेण्याच्या करारातून, करतो, हेही माहीत असू द्या. ईटीएफ आहे म्हणजे रिस्क विभागली गेली असं इथे धरू नका, आतल्या सगळ्या कंपन्या एकाच कायद्याला टांगलेल्या आहेत.

शेड्यूल ३ म्हणजे लीगल असं समजणं

अमेरिकेच्या १९७० च्या कायद्यात अमली पदार्थांच्या पाच याद्या म्हणजे शेड्यूल आहेत, १ सगळ्यात कडक, आणि त्याने गांजा हेरॉइनच्या बरोबरीने शेड्यूल १ मधे टाकला. शेड्यूल ३ मधे केटामाइन आहे, कोडीन घातलेल्या वेदनाशामक गोळ्या आहेत. तिथे गेलं म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात उघड विकायला केंद्राने परवानगी दिली असं होत नाही, एका राज्यातला माल दुसऱ्या राज्यात नेता येतो असं होत नाही, आणि नॅस्डॅकचं दार आपोआप उघडतं असंही नाही. न्यू जर्सीत २१ एप्रिल २०२२ पासून प्रौढांना विक्री चालू आहे, पण तिथे विकायचा माल तिथेच पिकवावा लागतो, म्हणून प्रत्येक राज्यात वेगळं ग्रीनहाऊस, वेगळा कारखाना, वेगळा खर्च.

मग फायदा कशात आहे? टॅक्समधे. १९८२ पासून २८०ई नावाचं कलम आहे, शेड्यूल १ किंवा २ मधल्या मालाचा धंदा करणाऱ्याला मालाचा खर्च सोडून बाकी कुठलाच खर्च वजा करू देत नाही. हिशोब करून बघा, कारण सगळी गोम इथे आहे. समजा विक्री १०० डॉलर, मालाचा खर्च ५०, आणि भाडं, पगार, जाहिरात मिळून ४०. नफा उरला १०. साध्या दुकानाला २१ टक्क्यांनी २ डॉलर १० सेंट टॅक्स लागला असता. गांजाच्या दुकानाला तो लागतो ५० वर, म्हणजे साडेदहा डॉलर. नफा दहा आणि टॅक्स साडेदहा! म्हणून शेड्यूल ३ च्या बातमीवर एमएसओ उसळतात आणि ते बरोबरच आहे, शेड्यूल ३ ला हे कलम लागत नाही.

पण यात एक मेख आहे जी फार कमी लोक बघतात. बऱ्याच एमएसओंनी हे कलम आपल्याला लागूच नाही अशी भूमिका घेऊन हा टॅक्स भरणं आधीच थांबवलं आणि ती रक्कम ताळेबंदात अनिश्चित कर म्हणून देणं दाखवली. म्हणजे रोख पैसा आधीच कंपनीत राहतोय, उद्या कलम गेलं तरी हातातली रोकड एकदम दुप्पट होणार नाही, आणि मागच्या वर्षांचं देणं माफ होईलच असं नाही. एमएसओ घ्यायचा असेल तर ताळेबंदात हा आकडा शोधा, आणि तो बाजूला काढून मग ठरवा कंपनी स्वस्त आहे का महाग.

घोषणेच्या दिवशी घेणं

तारखा एका खाली एक मांडल्या तर डोळे उघडतात. ऑक्टोबर २०२२ मधे बायडेननी गांजाच्या शेड्यूलचा फेरविचार करायला सांगितलं. ऑगस्ट २०२३ मधे आरोग्य खात्याने शेड्यूल ३ ची शिफारस केली. मे २०२४ मधे प्रस्तावित नियम आला. जानेवारी २०२५ मधे सुनावणी व्हायची होती ती पुढे ढकलली गेली. मग १२ डिसेंबर २०२५ ला ट्रम्प काहीतरी करणार अशी बातमी फुटली आणि टिलरे एका दिवसात ४० टक्क्यांच्या वर गेला, आणि १८ डिसेंबरला खरोखर सही झाली त्या दिवशी हे शेअर्स पडले. म्हणजे बातमी खरी ठरली, तरी सहीच्या दिवशी भाव वर गेला नाही. आणि त्या सहीने शेड्यूल बदललं नव्हतं, ऍटर्नी जनरलना काम लवकर उरका असा आदेश गेला होता. आदेश, प्रस्ताव, अंतिम नियम, कोर्ट, या वेगवेगळ्या पायऱ्या आहेत, बातमी वाचताना ही कुठली पायरी हे आधी विचारा.

संसदेचंही तेच. गांजाच्या धंद्याला बँकिंग मोकळं करणारं सेफ बँकिंग विधेयक हाऊसने म्हणजे कनिष्ठ सभागृहाने पहिल्यांदा सप्टेंबर २०१९ मधे मंजूर केलं, नंतरही पुन्हा पुन्हा केलं, सिनेटमधून ते पार झालं नाही. दर वेळी "आता होणार" म्हणून शेअर्स चढले.

मतदानाचं फ्लोरिडा हे उदाहरण लक्षात ठेवा. नोव्हेंबर २०२४ मधे तिथे प्रौढांसाठी गांजा खुला करायचा प्रस्ताव होता, ट्रूलीव्हने प्रचारात १४ कोटी डॉलरपेक्षा जास्त घातले, ट्रम्प बाजूने, गव्हर्नर डिसँटिस विरोधात. जवळपास ५६ टक्के लोकांनी हो म्हटलं आणि प्रस्ताव हरला, कारण फ्लोरिडात घटना बदलायला ६० टक्के लागतात. दुसऱ्या दिवशी ट्रूलीव्ह जोरात आपटला. बहुमत म्हणजे विजय असं गृहीत धरणाऱ्यांनी नियम वाचलाच नव्हता, आणि २०१४ मधे मेडिकल गांजाचा प्रस्ताव तिथेच अशाच कारणाने हरला होता.

जुना चार्ट बघून "परत तिथे जाईल" म्हणणं

अरोराचा चार्ट आज उघडला तर २०१८ मधे भाव हजार डॉलरच्या वर दिसतो आणि माणूस म्हणतो, अरे बापरे, त्याच्या निम्म्यावर जरी आला तरी आपलं कल्याण. तेव्हा तो शेअर अमेरिकेत दहा डॉलरच्या आसपास होता! मे २०२० मधे कंपनीने १२ शेअर्सचा १ केला, फेब्रुवारी २०२४ मधे परत १० चा १ केला. म्हणजे जुने १२० शेअर्स मिळून आताचा एक, आणि चार्ट त्याप्रमाणे मागचे भाव वाढवून दाखवतो. कॅनोपीने डिसेंबर २०२३ मधे १० चा १ केला, टिलरेने डिसेंबर २०२५ मधे. याला रिव्हर्स स्प्लिट म्हणतात आणि कारण साधं आहे, नॅस्डॅकवर भाव सलग ३० कामकाजाचे दिवस १ डॉलरच्या खाली राहिला की नोटीस येते.

नुसत्या स्प्लिटने तुमचा वाटा कमी होत नाही. कमी होतो तो नवीन शेअर्स छापल्याने. या कंपन्या तोट्यात चालल्या, बँका सहजासहजी कर्ज देत नाहीत, म्हणून भाव चढला की त्या बाजारात नवे शेअर्स विकून पैसे उभे करतात. म्हणजे तुम्ही ज्या तेजीत उत्साहाने घेताय त्याच तेजीत खुद्द कंपनी विकत असते. माझ्या मते या सेक्टरमधे बघायचा पहिला आकडा एकूण शेअर्सची संख्या, भाव नंतर. पाच वर्षांपूर्वी किती होते, आज किती आहेत, मधले स्प्लिट धरून मोजा. संख्या चौपट आणि विक्री दीडपट असेल तर विषय संपला.

मोठी कंपनी आली म्हणजे सेफ

कोरोना बिअरवाल्या कॉन्स्टेलेशनने ऑगस्ट २०१८ मधे कॅनोपीत ५०० कोटी कॅनेडियन डॉलर घालायचं जाहीर केलं, एका शेअरला ४८.६० कॅनेडियन डॉलर देऊन. त्यातलं जवळपास सगळं बुडालं. त्यांच्याकडे वकील होते, अकाउंटंट होते, बोर्डावर माणसं होती. चुकलं ते मागणीच्या अंदाजात आणि सरकारी चौकटीत: ओंटारियोत एप्रिल २०१९ मधे दुकानं उघडली ती फक्त २५ परवान्यांवर, माल मात्र सगळ्यांनी ढीगभर पिकवला, भाव पडले, आणि केंद्र आणि प्रांताची मिळून एक्साइज ग्रॅममागे १ डॉलर किंवा १० टक्के यातलं जे जास्त असेल ते. होलसेल भाव ३-४ डॉलरवर आला की हाच एक डॉलर म्हणजे पाव ते एक तृतीयांश भाव झाला.

अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट

एच-१बी, ग्रीन कार्डवाल्यांनी नीट लक्ष द्या. एप्रिल २०१९ मधे तिथल्या इमिग्रेशन खात्याने स्पष्ट केलं की राज्यात कायदेशीर असला तरी गांजाच्या धंद्यातली नोकरीसुद्धा नागरिकत्वाच्या अर्जात आड येऊ शकते. लिस्टेड शेअर्स घेणं आणि नोकरी करणं एक नाही, पण अर्ज तोंडावर असेल तर एमएसओत पैसे टाकायच्या आधी इमिग्रेशन वकिलाला विचारा, नातेवाइकाला नाही.

आधीच अडकला असाल तर

अ‍ॅपमधे १०० चे १० शेअर्स दिसतायत, घाबरू नका, रिव्हर्स स्प्लिट झालंय, तुमची एकूण खरेदी किंमत तीच राहते, फक्त अ‍ॅपने सरासरी भाव बदललाय का तपासा, कधीकधी उशीर होतो आणि नफा-तोटा भलताच दिसतो.

९० टक्के खाली असाल तर अ‍ॅव्हरेज करायच्या, म्हणजे पडलेल्या भावाला आणखी घेऊन सरासरी खाली आणायच्या, आधी वरचे दोन आकडे, शेअर्सची संख्या आणि टॅक्सचं देणं, परत बघा. ते सुधारत नसतील तर खाली घेऊन काही साधत नाही. विकायचं ठरवलं तर भारतात राहणाऱ्यांनी हे धरून चाला: परदेशी शेअर २४ महिन्यांपेक्षा जास्त ठेवला असेल तर तोटा लाँग टर्म, तो फक्त लाँग टर्म नफ्यातून वजा होतो, आणि उरलेला पुढची ८ वर्षं नेता येतो, पण रिटर्न मुदतीत भरलं तरच. आणि शेअर कितीही पडला असला तरी रिटर्नमधे शेड्यूल एफएमधे, म्हणजे परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात, तो दाखवावाच लागतो, "आता काय उरलंय त्यात" म्हणून सोडू नका, सीएला ब्रोकरचं कॅलेंडर वर्षाचं स्टेटमेंट द्या, कारण ते शेड्यूल जानेवारी ते डिसेंबर चालतं.