कोलायटिस किंवा क्रोन्स असताना हेल्थ इन्शुरन्स कसा काढायचा

अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स (आतड्याला वारंवार सूज येणारे आजार, दोघांना मिळून आयबीडी म्हणतात) असला की पॉलिसी मिळतच नाही असं बरेच जण सांगतात, तसं नाहीये, मिळते, पण कागद नीट वाचून घ्यावी लागते.

प्रपोजल फॉर्मवर आजार लिहायचाच. एजंट म्हणेल राहू द्या हो, अ‍ॅसिडिटी टाकू, पण पहिल्याच अ‍ॅडमिशनला केस पेपरवर त्रास किती वर्षांपासून आहे ते लिहिलं जातं आणि क्लेम तिथेच अडकतो, वर पॉलिसी रद्द होऊ शकते ते वेगळंच. फॉर्मसोबत कोलोनोस्कोपी, बायोप्सीचे रिपोर्ट द्या आणि गॅस्ट्रोच्या डॉक्टरांकडून पत्र घ्या, शेवटचा फ्लेअर (आजार उफाळणं) कधी आला, स्टेरॉइड कधी बंद झाले, आता कोणती औषधं चालू आहेत. आपल्याकडे क्रोन्सच्या पेशंटला आधी आतड्याचा टीबी समजून टीबीचा कोर्स दिलेला असतो बऱ्याचदा, तेही पत्रात यायला हवं, नाहीतर कंपनी दोन आजार धरू शकते. फक्त आयबीएस (पोटाचा त्रास, पण आतड्याला सूज नाही) असेल तर आयबीडी नाही असं स्पष्ट लिहून घ्या, फार फरक पडतो.

कंपनीचं उत्तर आलं की एकच बघा, वेटिंग पिरियड (ठरावीक काळ त्या आजाराचा क्लेम नाही) दिलाय की पर्मनंट एक्सक्लूजन (तो आजार कायमचा वगळला). वेटिंग असेल तर 1 एप्रिल 2024 पासून ते जास्तीत जास्त 36 महिने, आधी 48 असायचं. पण विमा नियामक आयआरडीएआयने 2019 मध्ये कायमचे वगळता येतील अशा आजारांची यादी काढली होती त्यात आयबीडी आहे, आणि त्याला तुमची संमती घेतात, म्हणून सही करायच्या आधी ती ओळ वाचाच. नुसता आजार वगळलाय की 'आणि त्यातून होणारे सगळे त्रास' पण? दुसरं असेल तर उद्या आतड्याचा कॅन्सर झाला तरी वाद होणार, अशावेळी मी तरी आधी दुसऱ्या कंपनीकडे विचारेन. कुठेच नाही मिळालं तर मात्र एक्सक्लूजनसकट घ्या, डेंग्यू, अपघात, हार्टसाठी तरी कव्हर राहतं.

नोकरीतल्या ग्रुप पॉलिसीत जुने आजार बहुतेकदा पहिल्या दिवसापासून कव्हर असतात, त्यामुळे राजीनामा द्यायच्या आधी त्याच इन्शुरन्स कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का ते विचारा, झालेलं वेटिंग धरलं जातं.

आणि औषधांचं विचाराच. या आजारावरचं इन्फ्लिक्सिमॅब सलाईनमधून देतात, ते डे केअरमध्ये (24 तासांपेक्षा कमी अ‍ॅडमिट) बसतं का, सब-लिमिट (त्या उपचारासाठी जास्तीत जास्त मिळणारी रक्कम) किती, हे मेलवर लेखी घ्या, फोनवरचं नंतर कोणी मानत नाही. अडालिमुमॅब घरी टोचतात आणि मेसालामाइनच्या गोळ्या रोजच्या, त्यांचे पैसे ओपीडी कव्हर (अ‍ॅडमिट न होता होणारा खर्च) नसेल तर सहसा खिशातूनच. नुसत्या तपासणीसाठी अ‍ॅडमिट झालात तरी क्लेम मिळत नाही.

पॉलिसी हातात आल्यावर 30 दिवस फ्री लुक असतो, अटी बोलल्याप्रमाणे नसतील तर परत करा. पुढे क्लेम नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, 30 दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल, मुंबई आणि पुण्यात ऑफिस आहे, फी नाही, वकील लागत नाही.