पत्ता आहे, पण खाते नाही: व्हर्च्युअल डोमेन बसवतानाचा अनुभव

मेल सर्व्हरचे काम पहिल्यांदा हाती आले तेव्हा एकाच सर्व्हरवर चार डोमेन चालवायची होती, आणि प्रत्येक युजरसाठी लिनक्सवर एकेक खाते उघडावे असा माझा सरळ बेत होता. पहिले डोमेन तसे चालूही झाले. दुसऱ्या डोमेनलाही 'इन्फो' हाच पत्ता हवा झाला तेव्हा गाडी अडली, कारण त्या नावाचे खाते लिनक्सवर एकच असू शकते. व्हर्च्युअल युजरची गरज मला तिथे कळली: पत्ता आणि पासवर्ड डेटाबेसमध्ये राहतात, आणि सगळ्या मेलबॉक्सची मालकी एकाच, लॉगिन बंद असलेल्या खात्याकडे असते, त्याला बहुतेक जण 'व्हीमेल' असे नाव देतात.

बाहेरून आलेली मेल पोस्टफिक्स हा मेल घेणारा-पाठवणारा प्रोग्राम स्वीकारतो आणि एलएमटीपी या मेल सोपवण्याच्या प्रोटोकॉलने डव्हकॉट या मेलबॉक्स सांभाळणाऱ्या प्रोग्रामकडे देतो. डव्हकॉट ती मेलबॉक्समध्ये ठेवतो आणि आयमॅपवरून, म्हणजे मेल वाचण्याच्या प्रोटोकॉलवरून, युजरला दाखवतो. सर्व्हरचे स्वतःचे नाव पोस्टफिक्सच्या 'मायडेस्टिनेशन' या यादीत असते, तिथल्या डोमेनचे युजर म्हणजे लिनक्सवरची खाती; आणि व्हर्च्युअल डोमेन, म्हणजे ज्यांचे युजर डेटाबेसमध्ये आहेत ती, वेगळ्या यादीत असतात. मी एक डोमेन दोन्हीकडे लिहिले. मेल ५५० क्रमांकाची त्रुटी देऊन परत जाऊ लागली आणि लॉगमध्ये 'युजर अननोन इन लोकल रेसिपियंट टेबल' असे दिसू लागले. मी संध्याकाळभर डेटाबेस तपासत बसलो; त्या ओळीतल्या 'लोकल' या शब्दाकडे नीट पाहिले असते तर पोस्टफिक्स मेलबॉक्ससाठी डेटाबेसला विचारतच नाही, हे लगेच उमगले असते. दोन्हीकडे डोमेन लिहू नका, असा इशाराही त्याच लॉगमध्ये येत होता.

दुसरी चूक अधिक फसवी होती, कारण तिथे एकही त्रुटी दिसत नव्हती. चुकीच्या पत्त्यावरची मेल वाया जाऊ नये म्हणून मी डोमेनसाठी 'कॅच-ऑल' अलियस ठेवला, म्हणजे त्या डोमेनच्या कोणत्याही पत्त्याची मेल एकाच पत्त्याकडे वळवणारी नोंद, आणि त्या डोमेनच्या सगळ्यांची मेल एकाच मेलबॉक्समध्ये पडू लागली. पोस्टफिक्स मेलबॉक्स शोधण्याआधी अलियस लावतो, त्यामुळे खरा मेलबॉक्स असलेला पत्ताही कॅच-ऑलमध्येच सापडतो. मात्र अलियस शोधताना आधी पूर्ण पत्ता आणि नंतर नुसते डोमेन पाहिले जाते. म्हणून प्रत्येक खऱ्या पत्त्याचा त्याच पत्त्याकडे जाणारा अलियस लिहिल्यावर प्रश्न सुटला. खरे तर कॅच-ऑल ठेवूच नये, त्यात स्पॅमच फार साचतो.

आता मी चाचणीची मेल सर्वांत शेवटी पाठवतो. पोस्टफिक्सच्या 'पोस्टमॅप' या आज्ञेला 'क्यू' पर्याय देऊन एकेका टेबलला पत्ता विचारला की ते टेबल काय उत्तर देते ते तिथेच कळते, आणि पासवर्ड तपासायला डव्हकॉटची 'डव्हअ‍ॅडम ऑथ टेस्ट' ही आज्ञा पुरते. या क्रमाने तपासून घेतल्यावर पाचवे डोमेन आले तेव्हा डेटाबेसमध्ये काही ओळी भरल्या. पोस्टफिक्स रीलोडही करावा लागला नाही, आणि पहिली मेल येताच डव्हकॉटने मेलबॉक्सचा फोल्डर आपणहून तयार केला.