काटा पिकत नाही तेव्हा

नर्सिंगच्या पहिल्या वर्षी मायक्रोबायोलॉजीच्या पेपरात मी अँटिबॉडीचे पाचही प्रकार तक्ता काढून लिहिले होते. मार्क चांगले पडले. प्रतिकारशक्ती हा विषय आपला झाला, असं मला खरंच वाटलं होतं. तो मला कळायला सुरुवात झाली चार वर्षांनी, एका नाईट ड्युटीत. कॅन्सर वॉर्डात, आयसीयूत किंवा मेडिसिनला नव्याने रुजू होणाऱ्या मुलामुलींना ती रात्र सांगावी म्हणून हे लिहिते आहे.

लिम्फोमाचे (लसिका ग्रंथींच्या कॅन्सरचे) एक काका होते, केमोचा दहावा दिवस. रात्री 2 वाजता ताप 101.2. मी नीट तपासलं. घसा पाहिला. छातीजवळची सेंट्रल लाईन (मोठ्या शिरेत घातलेली औषधाची नळी) पाहिली, पारदर्शक ड्रेसिंगखाली ना लाली, ना सूज, ना पू. दाबल्यावरही काका फारसं दुखतंय म्हणाले नाहीत. केस पेपरवर ‘ताप आल्यास पॅरासिटामॉल’ अशी ऑर्डर होती. गोळी दिली. तासाभराने ताप 99. ‘लाईनची जागा स्वच्छ, रुग्ण झोपला आहे’ असं लिहून मी पुढच्या बेडकडे गेले. डॉक्टरांना उठवलं नाही.

पहाटे 5 वाजता त्यांचा हात हातात घेतला तर गार लागला. नाडी 130, बीपी 80 वर 50. धावपळ, सलाईन, आयसीयू. नऊ दिवसांनी ते वॉर्डात परत आले तेव्हा मला रडू आवरलं नाही. मधल्या काळात ब्लड कल्चरचा (रक्तातले जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीचा) रिपोर्ट आला होता. जंतू त्या सेंट्रल लाईनमधूनच शिरले होते. ज्या जागेला मी ‘स्वच्छ’ लिहिलं होतं, तिथून.

इन्चार्ज सिस्टर ओरडल्या नाहीत. बाजूला बसवून त्यांनी विचारलं, “पू कशाचा बनतो गं?”

“जंतूंचा, सिस्टर.”

“मेलेल्या पांढऱ्या पेशींचा बनतो, जास्त करून. मग आता त्यांचा सीबीसी काढ आणि मला सांग, काकांकडे पू करायला होतं काय?”

सीबीसी म्हणजे रक्तपेशींची मोजणी. आदल्या दिवशीच्या रिपोर्टवर पांढऱ्या पेशी 800 होत्या आणि त्यात न्यूट्रोफिल, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी, 10 टक्के. म्हणजे एका घन मिलिमीटर रक्तात 80.

गावाकडे पायात बाभळीचा काटा मोडला की आजी म्हणायची, राहू दे, दोन दिवसांत पिकेल आणि आपोआप वर येईल. ते पिकणं म्हणजे काटा काही करत नसतो, आपलं शरीर करत असतं. काट्याभोवतीच्या रक्तवाहिन्या रुंदावतात म्हणून लाली आणि ऊब येते. त्यांच्या भिंतीतून पाणी झिरपतं, म्हणून सूज येते. त्याच वाटेने न्यूट्रोफिल बाहेर पडतात, जंतू गिळतात आणि तिथेच मरतात. मेच्निकॉफ या शास्त्रज्ञाने 1882 मध्ये इटलीतल्या मेसिना इथे नेमकं हेच पाहिलं होतं. ताऱ्यासारख्या दिसणाऱ्या एका समुद्री जिवाच्या पारदर्शक अळीत त्याने गुलाबाचे काटे टोचले, तर सकाळी काट्यांभोवती पेशींची गर्दी जमलेली. 1908 मध्ये त्याला नोबेल मिळालं. त्याच्याच हाताखाली शिकलेला हाफकिन पुढे मुंबईत आला आणि प्लेगची लस तयार करून जानेवारी 1897 मध्ये त्याने ती आधी स्वतःला टोचून घेतली. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटचं नाव त्याचंच. पुस्तकातली ‘फॅगोसायटोसिस’ची, म्हणजे पेशीने जंतू गिळण्याची, आकृती मला काटा आठवला तेव्हा पहिल्यांदा समजली.

संसर्गाची म्हणून जी लक्षणं आपण शिकतो, ती बहुतेक जंतूंची नसतात. ती आपल्या शरीराने दिलेल्या लढ्याची असतात. लढणाऱ्या पेशीच नसतील तर जखम लाल होईलच असं नाही. न्यूमोनिया असूनही पहिल्या एक्स-रेत डाग दिसेलच असं नाही. लघवीत जंतू असतील, पण पस सेल्स (पुवातल्या पांढऱ्या पेशी) नसतील. उरतो तो फक्त ताप. म्हणून अशा रुग्णात ताप हे ‘एक लक्षण’ नसतं, बऱ्याचदा तेवढंच एक लक्षण असतं. एकदा 101 किंवा तासभर टिकलेला 100.4, आणि न्यूट्रोफिल 500 च्या खाली, की ती इमर्जन्सी. अँटिबायोटिकचा पहिला डोस तासाभरात जायला हवा. कल्चर त्याआधी काढायचं, पण कल्चरपायी डोस लांबवायचा नाही. आणि डॉक्टरांना कळवण्याआधी पॅरासिटामॉल देऊन तो एकमेव निरोप पुसून टाकायचा नाही, मी टाकला तसा.

एएनसीचं, म्हणजे रक्तातल्या न्यूट्रोफिलच्या नेमक्या संख्येचं, गणित हाताने करायची सवय लावा. एकूण पांढऱ्या पेशी गुणिले न्यूट्रोफिलचे टक्के, भागिले 100. रिपोर्टवर ‘बँड’ (कोवळे न्यूट्रोफिल) वेगळे दिले असतील तर तेही मिळवायचे. समजा पेशी 1200 आणि न्यूट्रोफिल 30 टक्के, तर एएनसी 360. नवीन मुलं टक्केवारी पाहून फसतात. न्यूट्रोफिल 70 टक्के दिसले की बरं वाटतं, पण एकूण पेशी 600 असतील तर हाती 420 च आहेत. दिवसही मोजा. न्यूट्रोफिल रक्तात जेमतेम एखादा दिवस टिकतात, अस्थिमज्जेला सतत नवे करावे लागतात, आणि केमो भराभर विभागणाऱ्या पेशींवरच घाव घालते. त्यामुळे साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात काउंट तळाला जातात. तोंडाचं आणि आतड्याचं अस्तरही भराभर विभागणारंच, तेही त्याच सुमारास सोललं जातं. म्हणजे भिंत पडते तेव्हाच पहारेकरीही नसतात. गुदद्वारातून ताप बघायचा नाही, एनिमा द्यायचा नाही, ब्रश मऊ हवा, हे नियम पाठ करावे लागत नाहीत मग. ते त्या पडलेल्या भिंतीवरूनच समजतात.

नातेवाईक हमखास विचारतात, “सिस्टर, रक्त चढवता, प्लेटलेट चढवता, मग पांढऱ्या पेशींची पिशवी का नाही चढवत?” प्रश्न रास्त आहे, झटकून टाकू नका. त्या पेशी फार थोडा वेळ जगतात, म्हणून नेहमीच्या उपचारात त्या बाहेरून देत नाहीत. फिलग्रास्टिमची सुई रुग्णाच्याच अस्थिमज्जेला त्या करायला लावते. ही सुई दिल्यावर कंबर, हाडं ठणकू शकतात, हे आधीच सांगा. नाहीतर आजार हाडात उतरला म्हणून घरचे रात्रभर जागतात.

केमो वॉर्डात पोस्टिंग नसेल तरीही हे लागतं. स्टेरॉईड बरेच दिवस चालू असलेल्या माणसाचा ताप दबलेला असतो, आणि पांढऱ्या पेशी मात्र औषधानेच वाढलेल्या दिसतात. तान्ह्या बाळाला जंतुसंसर्गात ताप यायच्या ऐवजी अंग गार पडू शकतं, दूध ओढणं कमी होतं. आई जेव्हा म्हणते “आज पितच नाहीये”, तेव्हा ते टीपीआर चार्टइतकंच (ताप, नाडी, श्वासाच्या नोंदीइतकंच) गंभीरपणे घ्या. आजीबाईंना संसर्ग झाला तर कधी कधी ताप नसतो, त्या नुसत्या बरळायला लागतात.

आणि दुसरं टोक. हीच यंत्रणा भलत्यावर तुटून पडते तेव्हा मिनिटं मोजावी लागतात. अँटिबायोटिकची सुई गेली, अंगावर गांधी उठल्या, आवाज घोगरा झाला, धाप लागली, बीपी पडलं, तर अ‍ॅड्रिनलिन मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. मोठ्या माणसाला 1:1000 चं अर्धा मिली. ट्रॉलीत ते कुठल्या खणात आहे हे रुजू झाल्याच्या पहिल्या दिवशी हात लावून पाहून ठेवा. रक्त सुरू केल्यावर पहिली 15 मिनिटं बेडपाशीच थांबा, कितीही कामं पडलेली असू देत.

अभ्यासाचं म्हणाल तर पुस्तक उघडण्याआधी रुग्ण बघा. हॅन्डओव्हर घेताना प्रत्येक बेडपाशी मनात एकच विचारा: या माणसात जंतू शिरला, तर मला कळवणार कोण? ताप? लाली? की कोणीच नाही? उत्तर ‘कोणीच नाही’ असेल, तर ती फाईल माझ्या टेबलावर सगळ्यात वर असते. इंटरल्युकिन, टी पेशी, कॉम्प्लिमेंट हे सगळं मी पुन्हा वाचलं ते अशा एकेका बेडवरून परत येऊन, आणि तेव्हा ते डोक्यात राहिलं. हात धुण्याबद्दल वेगळं लिहीत नाही. ज्याच्याकडे 80 पेशी आहेत त्याच्या बेडपाशी उभं राहिलात की हात आपोआप सॅनिटायझरच्या बाटलीकडे जातो.

आमच्या वॉर्डात आता टीपीआर चार्टच्या डोक्यावर लाल पेनाने केमोचा दिवस आणि एएनसी लिहिलेला असतो. मागच्या आठवड्यात जेमतेम दोन महिन्यांपूर्वी रुजू झालेली एक मुलगी रात्री 3 वाजता फोनवर बोलताना मी ऐकली. आवाज थोडा थरथरत होता, पण शब्द नीट होते: “सर, बेड 14, केमोचा अकरावा दिवस, एएनसी 210, ताप 101, बीपी 110 वर 70. लाईनची जागा चांगली दिसतेय, पण काउंट नाहीत सर. लाईनमधून आणि हातातून, दोन्हीकडून कल्चर काढते. अँटिबायोटिक काढून ठेवलंय, ऑर्डर द्या. तुम्ही किती वाजता पोचताय?”